परदेशातल्या हॉटेलात भाव नेमका कधी विचारायचा?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

सर्व सभासदांना नमस्कार. गेल्या मे महिन्यात आई, वडील, आम्ही उभयता आणि दोन मुले असे सहा जण इटलीला जाऊन आलो. प्रवास उत्तम झाला, परंतु व्हेनिसमधील एका जेवणाने मला अजून स्वस्थ बसू दिलेले नाही. तो अनुभव सविस्तर मांडला तर पुढे जाणाऱ्यांचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतील, या हेतूने हा धागा काढत आहे.

कालव्याकाठचे एक मध्यम आकाराचे हॉटेल होते. वेटरने बर्फावर ठेवलेला अख्खा मासा ताटातून आणून दाखवला आणि तो आजच आल्याचे सांगितले. वडिलांना मासा फार आवडतो, म्हणून आम्ही लगेच होकार दिला. मेनूकार्डावर त्या माशापुढे ९ हा आकडा मी स्वतः वाचला होता. त्याशिवाय १६ युरोंच्या चार प्लेट पास्ता आणि पाण्याच्या तीन बाटल्या घेतल्या. माझ्या मनातला हिशेब नव्वद युरोंच्या आत बसत होता आणि बिल आले ३०० युरो १६ सेंटचे.

बिल समजून घ्यायला मला पंधरा मिनिटे लागली. माशाचा भाव ‘एत्तो’चा होता. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. मासा १९ एत्तो भरल्याचे लिहिले होते, म्हणजे १७१ युरो. पास्त्याचे ६४, पाण्याचे १५, आणि ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलाशी बसण्याचे शुल्क, या नावाखाली माणशी ३ युरोंप्रमाणे १८. ही बेरीज २६८ झाली आणि तिच्यावर १२ टक्के सेवाशुल्क चढले. मी आवाज चढवून विचारणा केली तेव्हा वेटरने शांतपणे मेनूकार्ड आणून शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवले. कोपेर्तो, सेवाशुल्क, एत्तो हे सारे तेथे बारीक अक्षरांत छापलेले होते. एकच गोष्ट कोठेही नव्हती, ती म्हणजे तो मासा खरोखर एक किलो नऊशे ग्रॅमचा होता याचा पुरावा. तो आमच्यासमोर तोललाच गेला नव्हता, आणि आता तो शिजून पोटात गेलेला असल्यामुळे तोलण्यासारखे काही उरलेही नव्हते.

मला सर्वाधिक लागले ते हे. रविवारी सकाळी मटण आणायला गेल्यावर वडील खाटकाच्या काट्यावरून नजर हलवत नाहीत. चरबी किती, हाड किती, काटा शून्यावर आहे का, हे पाहिल्याशिवाय ते पिशवी पुढे करत नाहीत. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आपल्या कोल्हापुरात आंदोलन उभे राहिले होते, हे सर्वांना आठवत असेल. दराबाबत इतके जागरूक असलेले आम्ही लोक टेबलाशी बसताच एकदम मुके का होतो? मला त्याचे कारण भीड हेच वाटते. जेवायला बसल्यावर भाव विचारणे आपल्याकडे हलकेपणाचे मानतात, त्यातून समोर आई-वडील असले की तोंडून शब्दच फुटत नाही. परदेशात ही भीड फार महाग पडते. बिल हातात आल्यावर घातलेला वाद बहुधा व्यर्थ जातो, कारण वाद घालण्याची खरी वेळ पदार्थ चुलीवर चढण्यापूर्वीच निघून गेलेली असते.

पुढील महिन्यात माझी बहीण कुटुंबासह सिंगापूर आणि थायलंडला जात आहे. तेथील, आणि अन्य देशांतीलही, आपले अनुभव कृपया लिहावेत. विशेषतः कोणती रक्कम ही तेथील रीत समजून द्यावी आणि कोणती नाकारावी, हे मला समजून घ्यायचे आहे.

सौदेवाले काका

रंकाळाकाठ, तुमचा हिशेब वाचला. माझे आयुष्य मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांत गेले आहे. मोजणी रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, होते आणि भाव क्विंटलचा बोलला जातो, त्यामुळे ‘भाव कशाचा?’ हा प्रश्न आमच्या जिभेवर कायमचा असतो. परदेशातील हॉटेलांतही बहुतेक मोठे घोटाळे याच एका प्रश्नाशी येऊन थांबतात.

जाहीर झालेली प्रकरणे पाहा. ऑक्टोबर २०१५ मध्ये चीनमधील छिंगदाओ शहरात एका पर्यटकाने ३८ युआन हा कोळंबीच्या संपूर्ण ताटाचा भाव समजून मागणी केली. जेवण झाल्यावर त्याला सांगण्यात आले की तो भाव एका नगाचा आहे, आणि बिल दीड हजार युआनच्या घरात गेले. देशभर ओरड झाली आणि त्या हॉटेलाला ९०,००० युआनचा दंड झाला. २००९ मध्ये सिंगापूरच्या न्यूटन फूड सेंटरमध्ये एका स्टॉलने अमेरिकन पर्यटकांना आठ टायगर कोळंब्यांचे २३९ सिंगापूर डॉलर लावले होते. तेथील सरकारी यंत्रणेने त्या स्टॉलवर कारवाई केली. तुमच्या व्हेनिसमध्येच २०१८ च्या जानेवारीत चार जपानी विद्यार्थ्यांना मांसाचे चार तुकडे, तळलेल्या माशांची एक प्लेट आणि पाणी यांसाठी अकराशे युरोंहून अधिक बिल आले होते. ती बातमी जगभर गेली.

वजनाचे माप देशागणिक बदलते, हे तुमच्या बहिणीला आवर्जून सांगा. थायलंडमध्ये मासळीचा भाव पुष्कळदा ‘खीत’वर असतो आणि एक खीत म्हणजे १०० ग्रॅम. चीनमध्ये ‘जिन’ हे माप चालते, ते मुख्य भूमीवर ५०० ग्रॅमचे असते, मात्र हाँगकाँग आणि तैवानमध्ये त्याच नावाचे जुने माप सुमारे ६०० ग्रॅमचे आहे. ग्रीसमध्ये ताज्या मासळीचा भाव किलोवर लिहितात. मेनूकार्डावर आकड्याऐवजी ‘आजचा बाजारभाव’ एवढेच लिहिलेले असेल तर आकडा वदवून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

तुम्ही मासा नाकारायला हवा होता असे माझे म्हणणे नाही. तो स्वयंपाकघरात जाण्याआधी काट्यावर ठेवायला सांगायचा, पडलेले वजन आणि होणारी रक्कम वेटरकडूनच कागदावर लिहून घ्यायची, आणि तो कागद बिल येईपर्यंत टेबलावर आपल्यासमोर ठेवायचा. चांगले हॉटेल हे आनंदाने करते. जो टाळाटाळ करतो त्याचा मासा खाऊच नये.

ताराबाई पार्क

धागा फार उपयुक्त आहे. मी मागील वर्षी पोर्तुगाल आणि स्पेनला गेले होते, त्यातील एक गोष्ट सांगते.

आपल्याकडे मिसळ मागवली की कट पुन्हा पुन्हा वाढतात, मटणाच्या ताटाबरोबर तांबडा-पांढरा हवा तेवढा मिळतो, कांदा-लिंबाचे कोणी पैसे लावत नाही. त्यामुळे न मागता टेबलावर आलेली वस्तू ही यजमानाची माया आहे, असे आपले मन धरूनच चालते. लिस्बनमध्ये आम्ही बसताक्षणी पाव, लोणी, ऑलिव्ह आणि चीजचा एक छोटा गोल तुकडा पुढे आला. मुलांनी सवयीने खायला सुरुवात केली. बिलात त्या प्रत्येकाची स्वतंत्र रक्कम होती. याला तेथे ‘कुव्हेर्त’ म्हणतात.

मात्र त्या हॉटेलाने आम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही. पोर्तुगालमध्ये २०१५ पासून स्पष्ट कायदा आहे की ग्राहकाने न मागितलेल्या आणि न वापरलेल्या कुव्हेर्तचे पैसे घेता येत नाहीत. आमच्या मुलांनी ते खाल्ले होते, म्हणून आम्ही देणे लागत होतो. दुसऱ्या दिवसापासून ताटल्या आल्या की मी हसून लगेच परत पाठवू लागले आणि कोणीही वाईट वाटून घेतले नाही. अर्धे खाऊन परत केलेले चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरे असे की पोर्तुगालमध्ये प्रत्येक हॉटेलात तक्रारवही ठेवणे बंधनकारक आहे. तिला ‘लिव्रो द रेक्लामासोइंश’ म्हणतात. स्पेनमध्ये तिच्या जागी तक्रारीचे छापील अर्ज असतात. पोर्तो येथे एका ठिकाणी न मागवलेल्या वाइनचे पैसे बिलात आले. मी शांतपणे ती वही मागितली. वही आली नाही, दुरुस्त केलेले बिल मात्र दोन मिनिटांत आले. वादावादी करण्यापेक्षा त्या देशाच्या कायद्याने आपल्या हाती काय दिले आहे, हे प्रवासाला निघण्यापूर्वी शोधून ठेवणे मला अधिक फायद्याचे वाटले.

पंचगंगेचा घाट

धागाकर्त्यांची तळमळ समजते, तरी एक मतभेद नोंदवतो. प्रत्येक अनपेक्षित रकमेला फसवणूक म्हणणे त्या देशांवर अन्याय करणारे आहे. मी कामानिमित्त जपानमध्ये सुमारे दोन वर्षे होतो. तेथील इझाकायामध्ये, म्हणजे पेयांबरोबर खाणे मिळणाऱ्या साध्या हॉटेलांत, बसल्यावर एक लहान वाटी पुढे येते. तिला ‘ओतोशी’ म्हणतात आणि तिचे माणशी तीनशे ते पाचशे येन लागतात. ते एक प्रकारे बसण्याच्या जागेचे शुल्क आहे. त्याच जपानमध्ये टीप देण्याची पद्धत नाही, टेबलावर ठेवलेले पैसे परत करायला वेटर मागे धावत येतो. इटलीतील कोपेर्तोही तसेच जुन्या रिवाजाचे आहे.

पण रिवाजालाही हद्द असते आणि ती माहीत असली पाहिजे. रोम ज्या लाझिओ प्रांतात आहे तेथे २००६ च्या प्रादेशिक कायद्यानुसार कोपेर्तो लावता येत नाही. पावाचे वेगळे पैसे लावतात, पण पाव नको असेल तर तसे सांगता येते. म्हणजे व्हेनिसमध्ये जे निमूटपणे द्यायचे, ते रोमच्या बिलात दिसल्यास विचारायचे. इटलीत कॉफी काउंटरपाशी उभे राहून घेतली तर एक भाव आणि टेबलाशी बसून घेतली तर दुसरा, हेही अधिकृत आहे. दोन्ही दर सहसा फलकावर लावलेले असतात. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात वाद्यवृंद वाजत असलेल्या कॅफेत बसल्यास संगीताचेही वेगळे पैसे लागतात.

फ्रान्समध्ये उलट स्थिती आहे. मेनूवरील किमतीतच सेवा धरलेली असते, तेव्हा ‘सेवाशुल्क वेगळे द्यावे लागेल’ असे कोणी सुचवले तर त्याकडे लक्ष देऊ नये. जेवणाबरोबर पाव आणि नळाचे पाणी तेथे विनामूल्य मिळते. फक्त ‘पाणी’ म्हटले तर बाटली येते, ‘काराफ द’ओ’ म्हटले तर नळाच्या पाण्याचा जग येतो. सहा माणसांच्या कुटुंबाचे आठ दिवसांत यावर किती पैसे वाचतात, याचा हिशेब करून पाहावा.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

आपला मतभेद मला मान्य आहे. बिल पुन्हा समोर ठेवून पाहिले. कोपेर्तोचे १८, सेवाशुल्काचे ३२ आणि पाण्याचे १५ युरो हे आमचे अज्ञान होते, ते त्या हॉटेलाच्या माथी मारणे योग्य नव्हते. न तोललेल्या माशाबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे. काकांनी सांगितलेली कागदावर लिहून घेण्याची रीत मी आज बहिणीला कळवली आहे.

कार्डविभाग

मी एका बँकेच्या कार्ड विभागात बरीच वर्षे काम करतो. परदेशातून परतलेल्या ग्राहकांच्या तक्रारी रोज पाहतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे कार्डाच्या यंत्रावर विचारला जाणारा प्रश्न. बिल युरोंत असते आणि यंत्र विचारते की पैसे युरोंत द्यायचे की भारतीय रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून लोक तो निवडतात. त्या क्षणी विनिमयाचा दर आपली बँक ठरवत नाही, त्या दुकानदाराचे यंत्र चालवणारी संस्था ठरवते, आणि त्यात तिचा नफा मिसळलेला असतो. कित्येकदा आपली बँकही परदेशी व्यवहार म्हणून स्वतःचे शुल्क वर लावते. म्हणून नेहमी त्या देशाचेच चलन निवडावे. वेटर कधी कधी आपल्याला न विचारता स्वतःच रुपयांचे बटण दाबतो. त्यामुळे यंत्र आपल्या हातात घ्यावे, पडदा वाचावा, मगच पिन दाबावा. रुपयांची पावती निघालीच तर तेथल्या तेथे व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे. हॉटेलाबाहेर पडल्यावर हे जवळजवळ अशक्य असते.

दुसरी गोष्ट आपल्या बँकेच्या शुल्काची. पुष्कळ भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहारासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार असतो आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. धागाकर्त्यांच्या ३०० युरोंवर हे सुमारे साडेबारा युरो झाले. निघण्यापूर्वी आपल्या कार्डाचा हा आकडा विचारून घ्यावा, कमी अधिभाराची कार्डेही मिळतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात आणि ते सुरू करणे, त्यांची कमाल मर्यादा ठरवणे, हे ग्राहकाच्या हाती असते. ही मर्यादा रोजच्या गरजेपुरतीच ठेवावी. आपल्याकडे ऑनलाइन व्यवहाराच्या वेळी ओटीपी येतो, तो परदेशात येईलच असे नाही. कार्ड वेटरच्या हाती देऊन ते नजरेआड जाऊ देणे टाळावे.

आता तक्रारीविषयी. लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. कार्डाची माहिती चोरून कोणी परस्पर व्यवहार केला, तर २०१७ च्या नियमांनुसार बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर त्याचा भार येत नाही. पण तुम्ही स्वतः पिन दाबून दिलेले पैसे या प्रकारात मोडत नाहीत. ‘जेवण महाग होते’ ही तक्रार आम्ही पुढे नेऊ शकत नाही. बिलावर ७० आणि कार्डावर १७० गेले असतील, किंवा एकच रक्कम दोनदा गेली असेल, तर मात्र वाद दाखल करता येतो. त्यासाठी तपशीलवार बिल आणि कार्डाची पावती, दोन्ही लागतात. या दोन कागदांचे छायाचित्र टेबलावरच काढून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या बहुसंख्य लोकांजवळ यांपैकी एकही कागद नसतो आणि त्यांचे म्हणणे खरे आहे हे कळत असूनही मला हात जोडावे लागतात.

कसबा बावडा

येथपर्यंत बारीक अक्षरांची चर्चा झाली. मी दुसऱ्या प्रकाराविषयी लिहितो, कारण त्यात पैशाबरोबर जिवालाही घोर लागतो.

नोकरीच्या निमित्ताने शांघायला गेलो होतो. पीपल्स स्क्वेअरजवळ दोन तरुणी आणि एक तरुण भेटले. त्यांनी आधी फोटो काढून देण्याची विनंती केली, मग इंग्रजी बोलण्याचा सराव करायचा आहे म्हणाले, मग जवळच पारंपरिक चहाचा कार्यक्रम असल्याचे सांगितले. ते अतिशय सुसंस्कृत होते. लहानशा खोलीत सहा प्रकारचे चहा झाले आणि माझ्या वाट्याचे बिल आठशे युआनहून अधिक आले. विशेष म्हणजे त्या तिघांनीही आपापला वाटा काढून दिला, त्यामुळे मला शंका घेण्याचे धैर्य झाले नाही. रात्री सहकाऱ्याने सांगितले की शांघाय आणि बीजिंगमधील ही वर्षानुवर्षांची ठरलेली पद्धत आहे आणि ते तिघे त्या चहावाल्याचीच माणसे असतात.

अशीच साखळी इतर शहरांतही असते. इस्तंबूलमध्ये तक्सीम भागात एकट्या पुरुष पर्यटकाशी कोणीतरी मैत्री करतो आणि पेयासाठी एखाद्या क्लबात नेतो. बुडापेस्टमध्ये तरुणी रस्ता विचारतात आणि मग एका ठरावीक बारचे नाव सुचवतात. टोकियोच्या काबुकिचो भागात दलाल स्वस्त भावाचे आमिष दाखवून वरच्या मजल्यावर नेतात. बँकॉकच्या पॅटपाँग भागातही वरच्या मजल्यांवरील बारची हीच ख्याती आहे. या सर्वांत एक समान धागा मला दिसला. हॉटेल आपण निवडलेले नसते, हॉटेलाने आपल्याला निवडलेले असते. त्यानंतर मी एक नियम पाळतो. अनोळखी माणसाने खाण्यापिण्याला बोलावले तर ‘अवश्य, पण त्या समोरच्या कॅफेत बसू’ असे जागा स्वतः निवडून सांगतो. खरोखर गप्पा मारायच्या असलेल्या माणसाला जागेचे काही वाटत नाही, दुसऱ्या प्रकारचा माणूस निघून जातो.

आणि एकदा आत अडकलोच, दारात दोन धिप्पाड माणसे उभी राहिली, तर मानापमान बाजूला ठेवावा. रोख रक्कम आणि पासपोर्ट बाहेर काढू नये, शक्य असल्यास कार्डाने पैसे देऊन पावती घ्यावी, बाहेर पडावे आणि मग पोलिसांकडे जावे. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. युरोपीय संघातील देशांत ११२ चालतो.

महाद्वार रोड

व्हिएतनामला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. वीस हजार आणि पाच लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असतात. घाईत वीस हजारांऐवजी पाच लाखांची नोट गेली तर ती परत मिळत नाही. आम्ही मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवत होतो. तेथे टेबलावर ठेवलेला सीलबंद ओला रुमाल फोडला की त्याचेही पैसे लागतात, ही रक्कम किरकोळ असते.

राजारामपुरी सातवी गल्ली

माझा मुलगा लंडनमध्ये असतो आणि मुलगी अमेरिकेत, त्यामुळे दोन्हीकडील बिले पाहण्यात येतात. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात सेवाशुल्क आपोआप लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे ‘सेवाशुल्क काढून टाका’ असे म्हणण्याची सवय आपल्याला होऊ लागली आहे. ही सवय सर्वत्र चालत नाही. लंडनमध्ये पुष्कळ ठिकाणी १२.५ टक्के सेवाशुल्क लावतात, पण त्यापुढे ‘ऐच्छिक’ असे लिहिलेले असेल तर ते काढायला सांगता येते. सिंगापूरच्या हॉटेलांत मात्र किमतीपुढे अधिकाची दोन चिन्हे असतात. पहिले चिन्ह १० टक्के सेवाशुल्काचे, दुसरे जीएसटीचे, जो १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे आणि सेवाशुल्क धरून होणाऱ्या रकमेवर लागतो. म्हणजे ५० डॉलरचे जेवण ५९ डॉलर ९५ सेंटला पडते. तेथील हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या सार्वजनिक केंद्रात, सेवाशुल्क नसते.

अमेरिकेत मेनूवरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो आणि टेबलावर सेवा देणाऱ्या हॉटेलात १५ ते २० टक्के टीप अपेक्षित असते. तेथे पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. सहा किंवा अधिक माणसांच्या टेबलाला काही हॉटेले टीप आधीच बिलात घालतात आणि तरीही कार्डाच्या पावतीवर टीपेची रिकामी ओळ ठेवतात. आम्ही एकदा अशी दुहेरी टीप दिली, ती मुलीच्या लक्षात दुसऱ्या दिवशी आली. बिलातली प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय त्या रिकाम्या ओळीत काही लिहू नये.

सहलप्रमुख

मी ज्येष्ठ नागरिकांचे लहान गट परदेशात नेतो. धागाकर्त्यांनी भीडेविषयी लिहिले आहे, तो मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. गटात आठ जण असले की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने भाव विचारला असेल. म्हणून मी निघण्यापूर्वीच एका व्यक्तीवर ते काम सोपवतो, आणि तिने भाव विचारला तर कोणी ओशाळे व्हायचे नाही असे बैठकीतच ठरवून घेतो. हे काम बहुधा घर चालवणाऱ्या भगिनी उत्तम करतात. त्यांना दहा डॉलर म्हणजे किती रुपये, हे क्षणात उमगते आणि विचारायला संकोच वाटत नाही.

शाकाहारी आणि जैन मंडळींना एक सूचना करतो. भुकेने व्याकूळ होऊन टॅक्सीवाल्याला ‘एखाद्या भारतीय हॉटेलात ने’ असे म्हणू नका. तो ज्या ठिकाणी नेतो तेथे त्याचा वाटा ठरलेला असण्याची शक्यता मोठी असते. मालक आपली भाषा बोलतो, आग्रहाने वाढतो, आणि मेनूकार्ड पुढे येतच नाही. एका शहरात आमच्या गटाला साध्या वरण-भात-भाजीच्या थाळीचे शेजारच्या हॉटेलाच्या तिप्पट पैसे द्यावे लागले. आपला माणूस म्हणून आम्ही दर विचारलाच नव्हता. तेव्हापासून दोन-तीन ठिकाणे नकाशावर आधीच पाहून ठेवतो, आणि छापील दर असलेले मेनूकार्ड हाती आल्याखेरीज गटाला बसू देत नाही. उठून जायचे असेल तर पाण्याची बाटली उघडण्यापूर्वी उठावे.

ग्रीसमध्ये दुकानांतून आणि हॉटेलांतून एक सूचना लावलेली दिसेल. अधिकृत पावती मिळाली नाही तर ग्राहकावर पैसे देण्याचे बंधन नाही, असा तिचा अर्थ आहे. कागदाच्या चिठोऱ्यावर हाताने आकडा लिहून आणला तर त्या सूचनेकडे बोट दाखवावे.

ताराबाई पार्क

सहलप्रमुखांनी भाषेचा विषय अप्रत्यक्षपणे काढला, म्हणून दोन वाक्ये देते, ती आमच्या फार कामी आली. पोर्तुगीजमध्ये ‘आम्ही हे मागितले नव्हते’ याला ‘नाउं पेदीमुश इश्तु’ म्हणतात. इटालियनमध्ये ‘याचे वजन किती?’ याला ‘क्वांतो पेझा?’ म्हणतात. उच्चार थोडा चुकला तरी काम होते, कारण समोरच्याला एवढे कळते की या ग्राहकाला विचारता येते.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. बहीण परवा सिंगापूरला पोहोचली आणि काल रात्री तिचा फोन आला.

ती हॉकर सेंटरमध्ये खेकडा घ्यायला गेली होती. स्टॉलवाल्याने टोपलीतील मोठा खेकडा उचलून दाखवला. तिने किलोचा भाव विचारला, काट्यावर ठेवायला सांगितला, आणि होणारी रक्कम त्याच्याकडूनच कागदावर लिहून घेतली. आकडा पाहून तिने तो खेकडा परत ठेवायला सांगितला आणि त्याहून लहान निवडला. स्टॉलवाल्याने जराही कुरकुर केली नाही, उलट दोन माणसे आणि एका मुलाला तेवढा पुरेल असे तोच म्हणाला. बिल कागदावरच्या आकड्याबरहुकूम आले.

हा फोन स्पीकरवर होता. वडिलांनी तिला विचारले की काटा आधी शून्यावर होता का, आणि तिने होय म्हणून सांगितले. रविवारी ती बँकॉकला उतरेल. ‘एक खीत म्हणजे १०० ग्रॅम’ असे तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आहे, त्याखाली ११५५.